साहेबाबद्दल साहेबच सांगतोय: चरित्रनोंद तपासायची कशी

लेख तपासायला आला की मी तो शेवटाकडून वाचते. आधी तळटिपा, मग ग्रंथांची यादी, मग चित्राखालच्या ओळी, आणि पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी. चाटी गल्लीत चादर घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक घडी मोडून आधी उलटी बाजू बघतं, तसंच हे. सरळ बाजू सगळेच चांगली विणतात.

कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी संपल्यापासून मी हे काम करते. सोलापुरातली काही मुलं-मुली मराठी विकिपीडियासाठी नोंदी लिहितात आणि कोणी तरी त्या वाचून खोड्या काढाव्यात म्हणून माझ्याकडे पाठवतात. या भागातल्या गोऱ्या अंमलदारांवरच्या नोंदी त्यात बऱ्याच असतात. त्या तपासायची रीत इतर चरित्रनोंदींपेक्षा थोडी वेगळी आहे. कीर्तनकाराबद्दल किंवा गिरणीमालकाबद्दल लिहायचं तर कागदच मिळत नाही. साहेबाबद्दल कागद ढीगभर मिळतो, पण तो बहुतेक साहेबानं किंवा साहेबाच्या भाईबंदांनीच लिहिलेला असतो. म्हणून वाक्य खरं की खोटं हे बघायच्या आधी ते सांगतंय कोण हे बघायचं. माझी अर्धी तपासणी एवढ्या एका प्रश्नावर चालते.

नमुन्याला एकच नोंद घेते: फिलिप मेडोज टेलर. जन्म २५ सप्टेंबर १८०८, लिव्हरपूल. मृत्यू १३ मे १८७६, फ्रान्समधल्या मेंतों गावी. मध्ये निजामाच्या फौजेतली नोकरी, आजच्या कर्नाटकातल्या सुरपूर संस्थानात पोलिटिकल एजंट, १८५३ पासून नळदुर्ग, १८५७ मध्ये बुलढाणा, पुन्हा सुरपूर, आणि १८६० मध्ये मायदेशी. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीमुळे त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. नळदुर्ग इथून हैदराबाद रस्त्यानं तासाभरावर, त्यामुळे आमच्या मंडळींना हा साहेब घरचाच वाटतो. अशा माणसावरची नोंद जास्त कडक नजरेनं वाचावी.

मसुदा लिहिणारा मुलगा हुशार. म्हणाला, “बाई, एक पण वाक्य संदर्भाशिवाय सोडलं नाही की. बघा तुम्ही.” बघितलं. तळटिपा खरंच गच्च होत्या: इंग्लंडचा राष्ट्रीय चरित्रकोश, बकलंडचा १९०६ चा भारतीय चरित्रकोश, एका वर्तमानपत्राची रविवार पुरवणी, किल्ल्यांवरचं एक पुस्तक, आणि टेलरचं स्वतःचं आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’.

इथे कागद घ्यायचा आणि मध्ये रेघ मारायची. डावीकडे संदर्भाचं नाव, उजवीकडे त्यानं ही माहिती कुठून घेतली ते. जुन्या चरित्रकोशांत नोंदीच्या शेवटी आधार छापलेले असतात. ते वाचायचा कंटाळा करू नका. टेलरच्या नोंदीचा मुख्य आधार त्याचं आत्मचरित्रच आहे. नंतरचे छोटे कोश त्या मोठ्या कोशावरून उतरवलेले. पुरवणीतल्या लेखाला आधार दिलेलाच नव्हता, पण प्रसंगांचा क्रम आणि विशेषणंसुद्धा आत्मचरित्रातली. किल्ल्यांच्या पुस्तकाचंही तेच. उजवा रकाना भरून झाला तेव्हा त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा होतं. तळटिपा ढीगभर, साक्षीदार एक, आणि तो साक्षीदार म्हणजे आरोपी, फिर्यादी, वकील सगळं स्वतःच. मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मी चहा टाकला.

आत्मचरित्र फेकून द्यायचं असं नाही. त्यातून काय उचलायचं आणि कसं, ते ठरवायचं. मी तीन ढीग करते.

पहिल्या ढिगात माणसाच्या स्वतःच्या साध्या गोष्टी: कुठे जन्मला, कोणत्या जहाजानं आला, कोणाशी लग्न केलं. त्याची बायको मेरी ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी. असं वाक्य आत्मचरित्रावरून घ्यायला हरकत नाही, दुसरीकडे ताडून मिळालं तर उत्तमच.

दुसऱ्या ढिगात स्वतःची थोरवी. ठगांचा बंदोबस्त करण्यासाठी नावाजलेला कंपनीचा अधिकारी स्लीमन, त्याच्या आधी ठगांचा माग आपल्यालाच लागत आला होता, पण ऐन वेळी पलटणीत परत बोलावलं म्हणून ते श्रेय हुकलं, असं टेलर सांगतो. मसुद्यात हे वाक्य सरळ विधान म्हणून आलं होतं: ‘ठगांचा शोध प्रथम टेलरने लावला.’ शेरा लिहिला: “‘टेलरने आत्मचरित्रात असा दावा केला आहे’ असं करा. ठगीवर नंतरच्या इतिहासकारांनी काय लिहिलं ते बघून लगेच खाली जोडा.” किम वॅग्नर यांचं २००७ चं ठगीवरचं पुस्तक या कामाला येतं. ‘ठगी’ ही कल्पना कंपनी सरकारच्या कागदांत कशी घडत गेली याची चर्चा अशा पुस्तकांत असते. ती वाचल्यावर ‘आधी कोणी शोधली’ हा प्रश्नच जरा बाजूला पडतो.

तिसरा ढीग सगळ्यात नाजूक: दुसऱ्यांबद्दल साहेबानं काढलेले उद्गार. सुरपूरची राणी ईश्वरम्मा आत्मचरित्रात कारस्थानी, बदफैली, राज्याला खड्ड्यात घालणारी बाई म्हणून येते. ज्या अधिकाऱ्यानं तिच्या हातातला कारभार काढून घेतला, त्याचंच हे वर्णन. तिनं आत्मचरित्र लिहिलं नाही. मसुद्यात मात्र टेलरचं नावही न घेता ‘राणी कारस्थानी स्वभावाची होती’ असं बिनधास्त लिहिलेलं. अशा जागी मी लाल शाई वापरते. एक तर वाक्य काढा, नाही तर ते टेलरच्या तोंडी घाला आणि तो त्या वेळी तिथे कोणत्या हुद्द्यावर होता तेही त्याच वाक्यात सांगा.

राजा व्यंकटप्पा नायकाचंही तसंच. हा टेलरच्या देखरेखीखाली वाढलेला मुलगा, त्याला ‘अप्पा’ म्हणायचा. १८५८ मध्ये तो इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली, ती कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि चेंगलपट्टूकडे नेताना वाटेत पिस्तुलाची गोळी लागून तो मेला. स्वतःवर गोळी झाडून घेतली, असं इंग्रजांकडचे कागद सांगतात. शिवाय राजा चोविसाव्या वर्षी मरणार असं ज्योतिषानं आधीच सांगितलं होतं, ही कहाणी टेलर मोठ्या रंगात सांगतो. वाचायला अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच ती प्रत्येक लेखात शिरते. तपासणाऱ्यानं दोन गोष्टी बघायच्या. कहाणी लिहिली कधी? राजा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्या आधीचा एखादा कागद तिला दुजोरा देतो का? दुजोरा नसेल तर ती ‘मृत्यू’ या मथळ्याखाली नको. टेलरच्या लेखनाबद्दलच्या भागात, त्यानं सांगितलेली कहाणी म्हणून ठेवा.

आत्मचरित्राचं वय नेहमी लक्षात ठेवायचं. हे पुस्तक टेलरच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये त्याच्या मुलीनं, ॲलिसनं, प्रसिद्ध केलं. प्रस्तावना त्याचा नातलग हेन्री रीव्ह याची. म्हणजे म्हातारपणची आठवण, वर घरच्यांचा हात. पण याच रीव्हला टेलरनं हिंदुस्थानातून लिहिलेली पत्रंही छापलेली आहेत, सर पॅट्रिक कॅडेल यांनी १९४७ मध्ये संपादित केलेली. पत्र त्या त्या वेळी लिहिलेलं असतं. एकच घटना पत्रात कशी आणि आत्मचरित्रात कशी, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की तपासणाऱ्याला जे हवं ते सापडतं. तरी दोन्ही एकाच माणसाची, हे विसरू नका.

आता दुसरी मोठी गोष्ट: माणूस नोकर कोणाचा होता?

मसुद्याच्या पहिल्या ओळीत ‘आय.सी.एस. अधिकारी आणि सोलापूरचे कलेक्टर’ असं होतं. दोन्ही चूक. टेलर निजामाच्या नोकरीतला. कंपनीच्या सनदी नोकरांच्या पंगतीत त्याला पाट नव्हता, आणि ही सल त्याच्या लिखाणात जागोजाग दिसते. नळदुर्गही सोलापूर कलेक्टरीत नव्हतं. ते निजामाच्या राज्यात. मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडचा पश्चिमेचा मुलूख इंग्रजांच्या हवाली झाला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी आणि थकलेल्या देण्यापोटी. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. एवढं दोन ओळींत लिहिलं की पुढच्या सगळ्या वाक्यांचा अर्थ बदलतो. ‘टेलरने नळदुर्ग जिल्ह्याची महसूल व्यवस्था सुधारली’ हे वाक्य एकटं वाचलं तर पुण्यकर्म वाटतं. वसूल होणारा पैसा कशाला जाणार होता हे शेजारी आलं की वाचक स्वतः विचार करतो. तहाचा मजकूर एचिसनच्या तहसंग्रहात मिळतो. पुरवणीवरून नको, तिथून उचला.

‘सोलापूरचे कलेक्टर’ हे कुठून आलं असेल याचाही मी छडा लावला. सुरपूरला इंग्रज शोरापूर म्हणत आणि आपल्याला शोलापूर. जुन्या इंग्रजी छपाईत दोघांमध्ये एका अक्षराचा फरक, आणि संगणकानं वाचून काढलेल्या स्कॅनमध्ये तोही उरत नाही. टेलर शोरापुरात दहाहून जास्त वर्षं होता, म्हणजे कोणा घाईतल्या लेखकाच्या हातून तो सोलापूरचा व्हायला कितीसा वेळ! म्हणून स्कॅनमधलं शोधलेलं वाक्य तसंच उचलायचं नाही. पानाचं चित्र उघडून डोळ्यांनी वाचायचं. शोधतानाही जुनी स्पेलिंगं घालून बघा. नळदुर्ग आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर हाती काही लागणार नाही. ‘पूर’ आणि ‘दुर्ग’ यांतल्या उकारासाठी दोन ‘ओ’ घालून बघा, ‘दुर्ग’चं ‘ड्रूग’ करून बघा.

नोकर कोणाचा हे कळलं की दप्तर कुठे हेही कळतं. इथल्या मुलांची पहिली धाव मुंबईच्या किंवा पुण्याच्या अभिलेखागाराकडे जाते, कारण सोलापूर मुंबई इलाख्यात. टेलरचा वरिष्ठ मात्र हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, आणि रेसिडेंट थेट गव्हर्नर जनरलला लिहिणार. म्हणून नळदुर्गची कागदपत्रं शोधायची ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, परराष्ट्र खात्याच्या आणि हैदराबाद रेसिडेन्सीच्या दप्तरात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात. आणि निजामाच्या बाजूचं हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर घरबसल्या सूची चाळता येते. सोलापूरचं १८८४ चं गॅझेटिअर इथे फारसं कामाचं नाही, कारण नळदुर्ग त्याच्या हद्दीबाहेर. त्यापेक्षा उस्मानाबाद जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि बिलग्रामी व विल्मट यांनी निजामाच्या मुलखावर लिहिलेला जुना ग्रंथ बघा.

पण एक सावध सूचना. दप्तरातला मूळ कागद सापडला म्हणून त्यावरून आपणच निष्कर्ष काढून ज्ञानकोशात लिहायचा नसतो. ते संशोधन झालं, त्याची जागा नियतकालिकात. ज्ञानकोशाला छापून आलेलं, कोणी तरी तपासलेलं लिखाण लागतं. मूळ कागदाचा उपयोग तारीख, हुद्दा, तहाचं कलम असल्या गोष्टींपुरता. हे सांगितलं की मुलं हिरमुसतात. इलाज नाही.

तारखांवर मी फार वेळ घालवत नाही, पण घालवते तो वेळ फुकट जात नाही. मसुद्यात टेलर १८५३ मध्ये ‘सोलापूरला रेल्वेने उतरून’ नळदुर्गला गेला होता. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गेली. साहेबाला सोलापूरचं तिकीट देणार कोण? १८२४ मध्ये तो ‘सोळा वर्षांचा असताना’ मुंबईत उतरला, असं मसुद्यात. वजाबाकी बरोबर, पण वाढदिवस पंचवीस सप्टेंबरचा आणि तो उतरला त्याच्या आधी, म्हणून पंधरा पुरी. हुद्दा नेहमी घटनेच्या वेळचा लिहायचा. पुस्तकांवर ‘कर्नल’ छापलेलं असलं तरी सुरपूर-नळदुर्गच्या काळात तो कॅप्टन. नावापुढे सी.एस.आय. लावून त्याला १८५३ मध्ये नळदुर्गला पाठवू नका. तो किताबच १८६६ मध्ये सुरू झाला. आणि ‘१८५७ मध्ये त्याने नळदुर्ग शांत ठेवले’ हे वाक्य लिहायच्या आधी त्याच वर्षी त्याची बदली बुलढाण्याला झाली हे ध्यानात घ्या. वर्षातले किती महिने तो इथे होता ते मांडा, नाही तर साऱ्या वर्षाचं श्रेय त्याच्या पदरात पडतं.

पानांचे आकडे: आत्मचरित्राच्या आवृत्त्या वेगवेगळ्या, पहिली दोन खंडांत, पुढे एका खंडातली. नुसतं ‘पान २१०’ लिहून कोणाला काही सापडत नाही. आवृत्तीचं साल, खंड आणि छापील पान द्या. स्कॅन उघडल्यावर खाली दिसतो तो आकडा नव्हे, त्यात कव्हर आणि कोरी पानंही मोजलेली असतात.

कादंबरी हा संदर्भ नव्हे. हे इतकं उघड आहे की लिहायची लाज वाटते, पण अमीर अलीनं ७१९ खून केले हे वाक्य मसुद्यात ‘ठगी’ या मथळ्याखाली आकडेवारी म्हणून आलं होतं. अमीर अली हे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’मधलं पात्र. टेलरनं माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या ऐकल्या असतील, त्यावरून पात्र रंगवलं असेल. तरी आकडा कादंबरीतला तो कादंबरीतलाच. तसंच ‘तारा’ या त्याच्या १८६३ च्या कादंबरीचं. तिच्यात तुळजापूर आहे, अफजलखान आहे. तुळजापूरच्या देवळाची माहिती म्हणून ती कोणी वापरली तर कात्री लावा. टेलरला हा मुलूख किती जवळून ठाऊक होता, यावर एखाद्या समीक्षकानं ‘तारा’चा आधार घेऊन लिहिलं असेल तर तो समीक्षक खुशाल घ्या.

उलट जे त्यानं खरोखर केलं आणि ज्याचा कागद स्वतंत्र आहे, ते मसुद्यात दोन शब्दांत उरकलेलं असतं. सुरपूरच्या आसपासची महापाषाणयुगीन दफनं त्यानं उकरून बघितली, मोजमापं घेतली आणि त्यावरचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले. ते छापील आहेत, आणि नंतरच्या पुरातत्त्वज्ञांनी त्यांची दखलही घेतली आहे. ‘दयाळू, प्रजाहितदक्ष’ यावर दोन परिच्छेद आणि उत्खननावर अर्धी ओळ, असं माप असेल तर लेखकाला उलटं करायला सांगा. जिथे बाहेरचे साक्षीदार आहेत तिथे लेख वाढवायचा.

विशेषणांची गाळणी मी एका झटक्यात करते. ‘दयाळू’, ‘लोकप्रिय’, ‘क्रूर’, ‘धूर्त’ सगळी शोधून काढते आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिते: ‘कोणाच्या मते?’ निरोपाच्या वेळी रयत रडली हे साहेबाच्या पुस्तकात असतं. रयत काय म्हणाली हे रयतेनं लिहिलेलं कुठे असतं? आणि उलट बाजूनंही ही गाळणी तितकीच चालवायची. आपल्या मुलांना साहेबाला शिव्या घालायचा उत्साह असतो. ‘जुलमी इंग्रज अंमलदार’ लिहिणाऱ्यालाही तोच शेरा. बेडर लोकांबद्दल ‘लुटारू जमात’ वगैरे शब्द इंग्रजी ग्रंथांतून जसेच्या तसे मराठीत उतरतात. ते अवतरणाबाहेर दिसले की मी लेख पुढे वाचतच नाही, आधी ते दुरुस्त करून मागते. सुरपूरचं राजघराणं त्याच समाजातलं आहे.

दुसऱ्या बाजूचे साक्षीदार शोधायला सोलापूर ही फार सोयीची जागा आहे, हे इथल्या लोकांनाच कळत नाही. शेजारच्या घरात कन्नड वाचणारं कोणी नाही असा वाडा इथे सापडायचा नाही. सुरपूरच्या संस्थानावर आणि व्यंकटप्पा नायकावर कन्नडमध्ये लिहिलं गेलंय. पुस्तक मागवा, शेजारच्या काकांना मधली पानं वाचून दाखवायला सांगा आणि संदर्भात ग्रंथ कन्नड असल्याचं स्पष्ट लिहा. राजानं स्वतःला गोळी मारली नाही, त्याला मारलं, असं तिकडे मानणारे आहेत. ते छापील स्वरूपात मिळालं तर कोणाचं मत म्हणून लेखात यायला हवं. तोंडी ऐकलेलं मात्र लेखात नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात कोणी वाटाड्या ‘इथं टेलरसाहेब बसायचा’ म्हणून बुरूज दाखवतो. ऐका, फोटो काढा, चहा पाजा. तळटिपेत वाटाड्या नको. सुरपूरला ‘टेलर मंझिल’ म्हणतात तो बंगला आहे, त्याचा उल्लेख करायला अडचण नाही, कारण त्यावर छापलेलं मिळतं.

थोडं विषयांतर. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉच्या वेळच्या कलेक्टर नाइटवर नोंद लिहायची इच्छा इथल्या दर दुसऱ्या मुलाला होते, आणि का होऊ नये? ज्या चौकातून आपण रोज जातो तिथे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन उभे आहेत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले. इथे तपासणीला दुप्पट कस लागतो. गोळीबारात किती माणसं गेली याचे सरकारी आकडे आणि काँग्रेसच्या बाजूचे आकडे जुळत नाहीत. सरासरी काढू नका. दोन्ही द्या, कोणाचा कोणता ते लिहा. आणि नुसत्या आडनावावरून साहेब ठरवू नका. इंडिया ऑफिस लिस्ट या अंमलदारांच्या छापील यादीत नेमणुकांचा क्रम वर्षवार दिलेला असतो. पूर्ण नाव, जिल्हा आणि साल तिन्ही जुळले तरच पुढचं-मागचं चरित्र त्याला जोडा. एका आडनावाचे दोन अंमलदार एकाच इलाख्यात असणं ही रोजची गोष्ट.

आता शेरे कसे लिहायचे. तपासणारा आणि लिहिणारा दोघांनाही याच गावात राहायचंय. मी समोर पोरांना ‘अरे-तुरे’ करत असले तरी लेखी शेऱ्यात ‘तुम्ही’च लिहिते, उद्या तो शेरा तिसरा माणूस वाचणार असतो. सगळ्यात वर, खरोखर चांगलं जे दिसलं ते नेमक्या शब्दांत. ‘छान लेख’ असं नाही. ‘तहाची कलमं तुम्ही मूळ संग्रहातून घेतलीत, हे फार बरं केलंत’ असं. मग तीन-चार मोठ्या गोष्टी, ज्या दुरुस्त झाल्याशिवाय लेख पुढे जाणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, आणि तेही जमलं तर स्वतःच दुरुस्त करून टाकायचं. पहिल्याच शेऱ्यात अनुस्वार काढत बसलं तर लिहिणाऱ्याला वाटतं लेखात तेवढंच चुकलंय.

शेऱ्यात नुसता प्रश्न टाकून मोकळं व्हायचं नाही. ‘संदर्भ हवा’ हा शिक्का मारणं सोपं असतं. त्यापेक्षा असं लिहा: “नळदुर्गमधल्या महसूल पाहणीचं वाक्य सध्या फक्त आत्मचरित्रावर उभं आहे. रेसिडेन्सीच्या वार्षिक अहवालात किंवा उस्मानाबाद गॅझेटिअरच्या महसूल प्रकरणात मिळतंय का बघा. नाही मिळालं तर ‘टेलरच्या म्हणण्याप्रमाणे’ जोडा.” यात अडचण, जागा आणि न मिळाल्यास काय करायचं, तिन्ही आलं. लिहिणारा रात्री बसून काम करू शकतो.

लिहिणाऱ्यानंही प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर द्यावं: केलं, नाही केलं, का नाही केलं. तपासणाऱ्याचं सगळंच ऐकायचं असतं असं नाही. या मुलानं माझे काही शेरे परतवले. उत्खननाचा भाग मी म्हटलं तेवढा वाढवला नाही, कारण नंतरच्या पुरातत्त्वज्ञांचे ग्रंथ त्याला हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणून नीट वाचायचे होते. न वाचता संदर्भयादीत नाव टाकणार नाही म्हणाला. मी तो शेरा आनंदानं मागे घेतला.

जे मुद्दे सुटले नाहीत ते लेखात लपवायचे नाहीत आणि पुसूनही टाकायचे नाहीत. विकिपीडियावर प्रत्येक लेखाला जोडून चर्चापान असतं, त्यावर काय शोधलं, कुठे शोधलं, काय सापडलं नाही, हे तारीख घालून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला तीच दारं पुन्हा ठोठवावी लागत नाहीत. टेलरच्या चर्चापानावर सध्या राणी ईश्वरम्मेच्या बाजूचा एखादा छापील ग्रंथ, महसूल पाहणीचा सरकारी अहवाल आणि १८५७ मधल्या बदलीची नेमकी तारीख एवढं येणं बाकी आहे. बदलीचा कागद रेसिडेन्सीच्या दप्तरात निघायला हवा. दिल्लीला कोणी जाणार असेल तर आधी ‘अभिलेख पटल’वरून फाइलचा क्रमांक काढून बरोबर घेऊन जा, नाही तर मागणीचिठ्ठी भरण्यातच दिवस जातो.